खांबावरची इस्त्री

आमच्या घरमालकीण मॅडम अंबाड्यात टेस्टर खोचायच्या. बाकीच्या बायका पिन खोचतात, सणावाराला एखादं फूल खोचतात. यांच्या पांढऱ्या अंबाड्यातून पिवळ्या मुठीचा टेस्टर डोकावत असायचा. लग्नाला जायचं असलं की टेस्टर बदलायच्या. लग्नाचा टेस्टर वेगळा, लाल मुठीचा. मी एकदा विचारलं, मॅडम, लग्नात टेस्टरचं काय काम? तर म्हणाल्या, "मांडवातली लायटिंग कधी जवळून पाह्यली का तू? पोट्टे वायरी नुसत्या पिळून ठेवतेत. मले नवरदेवापेक्षा मांडवाचीच जास्त काळजी लागते."

वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकल कॉलेजच्या मागच्या अंगाला जी घरं आहेत, त्यातल्या एका आंधळ्या लेनमध्ये त्यांचं घर. आंधळी म्हणजे पुढे रस्ता बंद. तोंडाशी एका टेलरचं दुकान, मग विजेचा खांब, आणि खांबाच्या आत सहा घरं. पहिलंच मॅडमचं. देवळीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर वरच्या मजल्यावर सात मुली ठेवल्या. त्या सातांतली मी एक. फिजिओथेरपीला होते.

पहिल्या दिवशी बाबा मला सोडायला आले होते. रोहण्याला आमची भाजीची वाडी आहे, त्यामुळे माझ्या सामानात गादी, पेटी, वांग्यांचं अर्धं पोतं आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या होत्या. शिवाय एक नवी कोरी विजेची किटली. मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोरगी आत येईल. तुमी बी या, पानी घ्या. किटली थांबते."

बाबांना वाटलं, नजर वगैरे काढायची असेल. तसं काही नव्हतं. ओसरीवर भिंतीला एक लाकडी पाटी ठोकली होती. तिच्यावर दोन गोल काटेवाले मीटर, शाळेच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेले, आणि मधे एक प्लग. मॅडमनी किटलीत पाणी भरलं, पिन प्लगात घातली, बटण दाबलं. दोन्ही काटे हलले.

"व्होल्ट वाच."

"दोनशे वीस."

"अँपिअर."

"पाच."

"हं. आता रोध सांग."

ओहमचा नियम मी दहावीत शिकले होते, बारावीत शिकले होते, प्रवेशपरीक्षेत त्याच्यावर गोलही रंगवले होते. त्या क्षणी डोक्यात फक्त सांबाराचा वास होता. बाबा माझ्याकडे पाहत राहिले, मी किटलीकडे.

"व्होल्टले अँपिअरनं भाग," मॅडम म्हणाल्या. "दोनशे वीस भागिले पाच?"

"चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस ओहम. हा किटलीचा स्वभाव. हा बदलत नाई. आता दोघांचा गुणाकार कर, शक्ती येते."

"अकराशे वॅट."

इथे बाबांना राहवलं नाही. "मॅडम, डब्यावर तं बाराशे लिवलं आहे."

मॅडमचा चेहरा एकदम उजळला. त्यांना असा माणूस फार आवडायचा. "डब्यावर लिवलं थे कंपनीच्या व्होल्टचं हाय भाऊ. तुमच्या घरी जेवढे व्होल्ट येतेत, तेवढीच किटली तापते. डब्याचं ऐकू नका. दोन आकडे खरे मोजा, बाकीचे दोन आपोआप खरे येतेत."

मग त्यांनी किटलीची पिन काढली, वायर गुंडाळली आणि किटलीला म्हणाल्या, "या आत."

मुलींना त्या 'ये' म्हणायच्या. वस्तूंना 'या'. इस्त्री असो, केस सुकवायचं यंत्र असो, मोबाइलचा चार्जर असो. पाटीवर हजेरी दिल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही आणि गणित वस्तूच्या मालकिणीने तोंडी करायचं. पंख्या-कूलरला मात्र त्या रोध विचारू द्यायच्या नाहीत. त्याच्यात मोटार असते, तिथलं गणित थोडं वाकडं असतं, असं म्हणून त्या फक्त अँपिअर पाहायच्या. घरी गेल्यावर बाबांनी आईला सांगितलं, "बाई जराशी अलग आहे. पन आपल्या पोरीले शॉक लागू देनार नाई."

घरात दुसरा कायदा लाल रिबिनीचा. जिन्याच्या तळाशी खिळ्यावर एक लाल रिबीन टांगलेली असायची, शाळेतल्या मुली वेणीला बांधतात तसली. किटली, इस्त्री, जे काही तापणारं असेल ते लावायचं तर आधी ती रिबीन आपल्या दाराच्या कडीला बांधायची. काम झालं की परत खिळ्यावर. रिबीन एकच, म्हणजे अख्ख्या घरात एका वेळी तापणारी वस्तू एकच. सकाळी कॉलेजच्या वेळेला रिबिनीसाठी ज्या मारामाऱ्या व्हायच्या त्या काय सांगाव्यात! माझी खोलीतली सोबतीण अंघोळीला जाताना रिबीन गळ्यात घालून जायची, म्हणजे परत आल्यावर चहा तिचाच. मॅडमना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अँपिअर अडवून ठेवणारी माणसं मले आवडत नाईत." आणि त्या दिवशी तिला मॅडमकडचा संध्याकाळचा चहा मिळाला नाही.

माणसंही त्या अशीच मोजायच्या. एखादा पाहुणा तासभर मोठमोठ्या गोष्टी सांगून गेला की दार लावताना म्हणायच्या, "व्होल्टेज चिक्कार, करंट काईच नाई." भांडी घासायला येणारी मावशी दोन वाक्यांत काम उरकून जायची, ती त्यांच्या मते आख्ख्या सावंगीतली सगळ्यात जास्त वॅटची बाई होती. त्यांचे यजमान आम्ही पाहिले नाहीत. भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीखाली त्यांचा हसरा फोटो होता. "साहेबांचा रोध शून्य," त्या फोटोकडे पाहून म्हणायच्या. "मी म्हनलं तसं. म्हनून संसार कधी तापला नाई." हे सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा आणि मग त्या उगाचच कुठल्या तरी स्विचचा स्क्रू पिळायला घ्यायच्या.

शिकवायच्या मात्र अशा, की ऐकणाऱ्याने जन्मात विसरू नये. आमच्या अभ्यासक्रमात विजेने उपचार करायचा एक पेपर असतो. त्याची मला धडकी होती. मॅडमनी एका संध्याकाळी मला ओसरीवर बसवलं आणि देवळीच्या बसस्टँडवर नेलं. तोंडीच. "शनिवारी शाळा सुटली. एसटी लागली. मागून पोरी ढकलून राह्यल्या, ते काय?"

"व्होल्टेज."

"दारातून दर मिनिटाले जेवढ्या आत चढल्या?"

"करंट."

"दार अरुंद हाय, कंडक्टर मधात उभा हाय?"

"रोध."

"आन् मग कोनाची बाही फाटली, कोनाचा डबा सांडला, घामाघूम झाल्या, थे?"

"ती शक्ती. उष्णता."

"झालं. आता पेपराले काऊन घाबरते?" त्या म्हणाल्या. मी त्या पेपराला खरंच घाबरले नाही. पुढे तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, की रुग्णाची त्वचा कोरडी असेल तर काय होतं? माझ्या डोळ्यांपुढे आधी कंडक्टर उभा राहिला, मग उत्तर आलं. पण परीक्षेपर्यंत आम्ही त्या घरात राहतो की नाही, याचाच त्या वर्षी घोर लागला होता. ती हकीकत सांगितल्याशिवाय मॅडम पुऱ्या सांगून होत नाहीत.

मे महिना होता. वर्ध्याचा मे ज्यांनी काढला त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी नाही काढला त्यांना पटणार नाही. लेनमधल्या सहाही घरांचे कूलर रात्रंदिवस घरघरत होते. आणि विजेचा दाब दिवसेंदिवस खाली चालला होता. बल्ब पिवळे पडले. कूलरचा वारा अंगापर्यंत येईना. माझ्या किटलीतलं पाणी उकळेपर्यंत एक धडा वाचून व्हायला लागला, रिबिनीवरची भांडणं दुप्पट झाली. मॅडमनी किटली पुन्हा पाटीवर बोलावली. काटा एकशे ऐंशीवर. अँपिअर चारच्या जरासे वर. "पाह्य," त्या म्हणाल्या, "स्वभाव तोच, चव्वेचाळीस. पन अकराशेची किटली साडेसातशेच्याही खाली आली. हिचा काय दोष?"

लेनमध्ये मात्र दोष कोणाचा ते ठरून गेलं होतं. समोरच्या बंगल्यात एक निवृत्त गृहस्थ राहत. लेनमध्ये सहा घरांत मिळून एक बोअर होती आणि हे तिचे अध्यक्ष. निवडणूक कधी झाली ते कोणालाच आठवत नव्हतं. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला होती, म्हणून ते अध्यक्ष. दाब पडला तसा त्यांनी आपल्या एसीसाठी भलामोठा स्टॅबिलायझर आणला. त्यांच्या खोलीत थंडावा आला आणि शेजारच्यांचे दिवे आणखी मिणमिणले. मग शेजाऱ्याने स्टॅबिलायझर आणला. मग त्याच्या शेजाऱ्याने. एकेक खोकं रिक्षातून उतरायचं, त्या घरात आनंदीआनंद, आणि उरलेली लेन थोडी अजून अंधारी. पंधरा दिवसांत लेनमध्ये स्टॅबिलायझर नसलेलं घर एकच उरलं, आमचं. आणि मग बोअरची मोटार बंद पडली. म्हणजे जळली नव्हती. बटण दाबलं की नुसती हुंऽऽ करायची, फिरायची नाही.

मेमध्ये पाणी नाही म्हटल्यावर लेन चिडली. संध्याकाळी सगळे मॅडमच्या ओसरीवर जमले. अध्यक्ष पुढे.

"मॅडम, राग मानू नका. पन सात पोरी म्हनजे सात मोबाइल, सात इस्त्र्या, सात किटल्या. साऱ्या लेनचं व्होल्टेज तुमच्या पोरी खाऊन राह्यल्या."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

"महिना संपेपर्यंत पोरींची दुसरीकडे सोय पाहा. नाई तं आमाले बोअरचं तुमचं कनेक्शन बंद करा लागन. आमचा नाईलाज आहे."

आम्ही सातही जणी जिन्यावर एकमेकींना चिकटून ऐकत होतो. परीक्षा तोंडावर आली होती. कॉलेजजवळच्या खोल्या कधीच्या भरल्या होत्या. रोहण्याहून रोज येऊन-जाऊन परीक्षा देणं मला शक्य नव्हतं, आणि माझ्या सोबतिणीच्या घरून तर स्पष्ट निरोप होता, की खोली गेली तर सामान घेऊन परत ये, पुरे झालं शिक्षण. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखायला लागलं.

मॅडम काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आत गेल्या आणि ब्लाउजचं कापड घेऊन बाहेर आल्या. "जरा टेलरकडे जाऊन येते," म्हणाल्या. अध्यक्ष आ वासून पाहत राहिले.

खरं म्हणजे त्या कापडाची त्यांना काही घाई नव्हती. आदल्या दिवशी टेलरच्या दुकानावरून जाताना त्यांनी पाहिलं होतं, की त्याचा दिवा चांगला पांढराशुभ्र आहे आणि त्याची इस्त्री इतकी तापली आहे की एका कॉलरवर तांबूस डाग उमटला आहे. अख्ख्या लेनच्या इस्त्र्या गार, आणि खांबाच्या अलीकडच्या या एका दुकानातली इस्त्री कपडे जाळते! या वेळी त्या मीटर घेऊन गेल्या होत्या. टेलरकडे दोनशे दहा. परत येऊन आमच्या ओसरीवर मोजलं. एकशे ऐंशी. दुकान आणि आमचं घर, मधे दहा पावलं आणि एक खांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम खडू आणि चिमटा-मीटर घेऊन लेनमध्ये निघाल्या. चिमटा-मीटर म्हणजे तारेला नुसती मिठी मारायची, तार कापायची नाही, आणि आतून किती अँपिअर जातात ते दिसतं. प्रत्येक घरी जाऊन, "तुमचं जे चालू असते ते सारं चालू ठेवा," असं सांगून त्यांनी आकडा घेतला आणि त्या त्या घराच्या फाटकावर खडूने लिहिला. चार घरांवर तीन-तीन. अध्यक्षांच्या फाटकावर नऊ. स्वतःच्या फाटकावर, सात पोरींसकट, चार. बोअरच्या खोलीवर पाच, तोही मोटार धड होती तेव्हा मोजून ठेवलेला. मग अध्यक्षांना हाक मारून म्हणाल्या, "आज दुपारी सगळ्यांनी मेन स्विच बंद करायचा. मी सांगीन तसा एकेकानं चालू करायचा. माहं चुकलं तं महिना संपायची वाट पाह्यत नाई. पोरींचं सामान मी सोता रिक्षात चढवते."

जिन्यावर माझी सोबतीण रडायलाच लागली. "मॅडमले काय गरज होती असं बोलायची?" मलाही तेच वाटत होतं. चुकलं तर? मॅडम चुकलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, पण अख्खी लेन विरुद्ध असलेल्याही कधी पाहिल्या नव्हत्या.

मेच्या दुपारी वर्ध्यात कूलर बंद करणं हे वेडेपणाचंच लक्षण. पण अध्यक्षांना मॅडमची फजिती पाहायची होती आणि बाकीच्यांना अध्यक्षांचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मेन स्विच पाडले. एवढी शांतता त्या लेनमध्ये मी त्याआधी ऐकली नव्हती. माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून आमच्या ओसरीसमोर उभी राहिली. सोबतीण दुसरा मीटर घेऊन टेलरच्या दुकानात, फोन कानाला. मी मॅडमच्या पाटीजवळ, आकडे ओरडून सांगायला. पाटीवर वीज यायला आमच्या मेन स्विचच्या आधीपासून एक जोड घेतली होती, म्हणजे मेन बंद असला तरी काटा दाब दाखवेल.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

"दोनशे दहा!"

"दुकानात?"

फोनमधून आवाज आला, "दोनशे दहा!"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कितीतरी दिवसांत लेनमध्ये दोनशे दहा आलं नव्हतं.

"आता माहं घर. पोरींनो, सारं चालू करा. कूलर, पंखे, लाइट. आन् रिबीन बांधून लहानी इस्त्री बी लावा."

काटा हलला आणि थांबला. "दोनशे सहा!"

"फाटकावर किती लिवलं? चार. पडले किती? चार. अध्यक्षसाहेब, आता बोअर चालू करा."

"थे कुठची चालू होते मॅडम," अध्यक्ष म्हणाले, पण गेले. कमरेची किल्ली काढली, खोली उघडली, बटण दाबलं.

मोटार एकदम फिरली. हुंकार नाही, कण्हणं नाही. खड्‌ऽ करून आवाज झाला आणि टाकीत पाणी पडायला लागलं. आमच्या घरातलं सगळं चालू होतं. सातही पोरींचं सगळं. आणि मोटार फिरत होती!

कोणीतरी शिट्टी मारली. मी नाचायच्या बेतात होते, पण मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी निमूट काटा वाचला. "दोनशे एक."

"पाच लिवले, पाच पडले. चला, पुढचं घर."

मग एकेक घर चालू होत गेलं आणि काटा प्रत्येकाच्या फाटकावरच्या आकड्याइतका खाली येत गेला. तीन, परत तीन, परत तीन, परत तीन. आता लोकच मोठ्याने ओरडायला लागले होते, कबड्डीच्या सामन्यासारखे. एकशे एकोणनव्वदवर काटा थांबला. उरलं एक घर.

"अध्यक्षसाहेब, तुमचं."

अध्यक्ष आत गेले. एसीचा टक् असा आवाज आला, स्टॅबिलायझर घरघरला आणि आमच्या पाटीवरचा काटा भसकन खाली आला. एकशे ऐंशी. मी आकडा सांगितला. सगळे फाटकावरच्या नवाकडे पाहत होते.

"दुकानात किती?" मॅडमनी विचारलं.

"दोनशे दहाच आहे मॅडम!"

मॅडम ओसरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांना बसून जिंकता यायचं नाही. "आता सारे ऐका. दुकानात दोनशे दहा, इथं एकशे ऐंशी. मधात किती गेले?"

"तीस!" सगळे म्हणाले.

"साऱ्या लेनचे मिळून अँपिअर किती? बेरीज करा फाटकांची."

लोक बोटांवर मोजायला लागले. "तीस!"

"तीस व्होल्ट भागिले तीस अँपिअर. रोध?"

"एक ओहम!" हे मी ओरडले.

"शक्ती?"

टेलर दुकान सोडून मापाची टेप गळ्यात घेऊन आला होता. तोच म्हणाला, "तीस गुणिले तीस, नऊशे." आणि मग डोळे मोठे करून, "मॅडम, नऊशे वॅट म्हनजे माह्या इस्त्रीपेक्षा जास्त झाले!"

"हाव," मॅडम म्हणाल्या. अंबाड्यातला टेस्टर त्यांनी उपसला आणि खांबाकडे रोखला. "दुकान आन् आपल्या मधात दुसरं काय हाय? त्या खांबावर, जिथं आपल्या लेनची तार मोठ्या तारेले जोडली, तिथं सांधा खराब झाला. कोनीतरी खांबावर इस्त्री चालू ठेवल्यासारखं हाय. लेनमधे जो कोनी एक अँपिअर घेईन, त्याचा एक व्होल्ट थो सांधा खाईन. माह्या पोरीचा बी खाते, तुमचा बी खाते. आन् तुमी सारे स्टॅबिलायझर आनून काय करून राह्यले? एसटीच्या दारात गर्दी झाली म्हनून कोपरं मारून राह्यले. ज्याचं कोपर मोठं त्याले जागा, मागच्याले धक्का. दार तेवढंच हाय."

अध्यक्षांनी मान वर करून खांब पाहिला. "मग मॅडम, पोरींचं?"

"पोरींचे चार. तुमचे नऊ," मॅडम म्हणाल्या. "सामान कोनाचं चढवू रिक्षात?"

लेन इतकी हसली की टाकी भरून वाहायला लागलेली कोणाच्या ध्यानातच आली नाही.

लाइनमन दुसऱ्या सकाळी आला. तो देवळीचा निघाला आणि त्याची बायको मॅडमची विद्यार्थिनी निघाली, त्यामुळे चढायच्या आधी तो त्यांच्या पाया पडला. वीज बंद करून वर गेला आणि वरूनच ओरडला, "मॅडम, खालून तं काहीच दिसत नव्हतं! आतून सारा कोळसा झाला आहे!" त्याने नवा सांधा बसवला. जुना तुकडा खाली टाकला. काळा ठिक्कर, अर्ध्या तारा झिजून गेलेल्या. वीज आली. सहा घरांचे कूलर, अध्यक्षांचा एसी, आमची रिबीनवाली किटली, सगळं एकदम चालू असताना मी पाटी वाचली. दोनशे नऊ. अध्यक्षांनी न सांगता जाऊन बोअरचं बटण दाबलं आणि मोटार पहिल्या दमात फिरली.

मॅडमना नम्रता वगैरे कधी जमली नाही आणि त्या दिवशी तर त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. हाताची घडी घालून त्या ओसरीवर उभ्या होत्या. "टाळ्या वाजवाले हात दुखते का?" असं त्यांनी खरोखर विचारलं, आणि लेनने टाळ्या वाजवल्या. आम्ही वरून बादल्या वाजवल्या. माझी सोबतीण आदल्या दिवशीच्या रडण्याचं सगळं उट्टं काढत होती. दोनच दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. मॅडमनी मोठ्या पातेल्यात खीर केली आणि लेनमध्ये प्रत्येक घरी आम्हा पोरींच्या हातून पाठवली. अध्यक्षांच्या घरी त्यांनी मुद्दाम मला आणि सोबतिणीला पाठवलं. अध्यक्षांनी वाटी घेतली, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परीक्षा कधी आहे तुमची? पानी कमी-जास्त झालं तं मले सांगजा."

आम्ही सातही जणी त्या परीक्षेत पास झालो. माझी सोबतीण आज नागपूरला एका दवाखान्यात आहे. मी देवळीला माझं छोटं क्लिनिक चालवते. मशीन लावायच्या आधी दोन आकडे स्वतः मोजते, डब्यावरचे वाचत नाही. रुग्णांना वाटतं, बाई जराशी अलग आहे.

तो काळा तुकडा मॅडमनी पाटीच्या शेजारी खिळ्यावर टांगून ठेवला. आमच्या त्या परीक्षेच्या पुढच्या वर्षी प्रवेशाचे दिवस आले तेव्हा मी त्यांच्याकडे ओसरीवर बसले होते. फाटक वाजलं. अध्यक्ष होते. मागे त्यांची आर्वीची नात, हातात पेटी. अध्यक्षांच्या स्वतःच्या हातात एक इस्त्री.

"हिचा इथं कॉलेजात नंबर लागला," ते म्हणाले. "म्हनलं आपल्याच घरी राह्य. तं म्हनते, आजोबा, तुमच्याकडे दिवसभर टीव्ही चालू राह्यते. मी मॅडमकडेच राहीन."

मॅडमनी पाटीकडे बोट दाखवलं. इस्त्री नातीची होती, पण गणिताला अध्यक्षच पुढे झाले. पिन त्यांनीच घातली. चष्मा वर सरकवला.

"व्होल्ट?"

"दोनशे दहा."

"अँपिअर?"

"तीन."

"रोध?"

त्यांचे ओठ हलले. "सत्तर."

"शक्ती?"

"सहाशे तीस. डब्यावर साडेसातशे लिवलं हाय, पन डब्याचं काई खरं नसते."

माझ्या पोटात हसू मावेना. मॅडमनी मात्र चेहरा गंभीर ठेवला. "तुमी विचार करा बापा, अध्यक्षसाहेब. वर पोरी बऱ्याच झाल्या. अजून एक आली तं साऱ्या लेनचं व्होल्टेज खातीन."

अध्यक्षांनी खिळ्यावरच्या काळ्या तुकड्याकडे पाहिलं, मग नातीकडे.

"पोरी कायले खातीन मॅडम," ते म्हणाले. "सांधा खात होता."

मॅडमनी इस्त्रीची पिन काढली, वायर नीट गुंडाळली आणि दारातून बाजूला झाल्या.

"या आत," त्या म्हणाल्या, आणि या वेळी इस्त्रीच्या आधी अध्यक्ष आत गेले.